तासभराचं सुतक

“हुकूम येईपर्यंत अर्ज करायचा. हुकूम आला की सही करायची.”

साहेब हे दिवसातून एकदा तरी म्हणत. गिट्टीच्या गाड्या आल्या नाहीत, मोरीचा भराव पाण्यानं नेला, वरच्यांनी मंजूर झालेलं काम रद्द केलं, सगळ्यावर त्यांचं हे एकच औषध. आणि हे म्हणून घराबाहेर पडताना दाराच्या चौकटीवर तिरप्या बसवलेल्या बोटभर लांब लाकडी नळीला ते दोन बोटं लावत आणि ती बोटं ओठांना टेकवत. हातात छत्री, जेवणाचा डबा आणि टेप असला तरी ती दोन बोटं बरोबर मोकळी राहत.

मला त्या दोन बोटांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगितलेलं बरं. ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याबद्दल मनात आदर असावा, असं आम्हाला वर्गात शिकवलं आहे. आदर आहेच. पण तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याकडे पाहून आधी आदर वाटत नाही. आधी वाटतं, हे यांच्याकडे आहे, मग माझ्याकडे का नाही?

साहेब सरकारी रस्त्यांवरचे ओव्हरसियर. राज्यं नव्यानं जोडली गेली तेव्हा मुंबईकडची, कोकणातली बरीच माणसं बदलून आमच्या वऱ्हाडात आली, त्यांत हेही अलिबागकडून आले. यवतमाळात ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या साहेबांकडे होत्या, मागची टिनाची खोली माझ्याकडे. मी बाभुळगावकडच्या एका बंजारा तांड्यातला. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती करतात. तांड्यातून कॉलेजात आलेला मी पहिला. त्यामुळे शहरात कोणाशी कसं बोलायचं हे मला विचारायला कोणी नव्हतं, आणि म्हणून मी बहुधा बोलतच नसे.

त्या एका घरात सुट्ट्या तीन होत्या. चाचांची शुक्रवारी, साहेबांची शनिवारी, माझी रविवारी. चाचा म्हणत, “खुदा तो एकच है, पर हफ्ता सबका अलग.”

साहेब यहुदी आहेत, आणि दारावरच्या त्या नळीत त्यांच्या प्रार्थनेचा लिहिलेला कागद असतो, हे आम्हाला कळायला बराच वेळ लागला. ते शनिवारी रस्त्यावर जात नाहीत, चूल पेटवत नाहीत, शुक्रवारी रांधलेलंच खातात, त्याच्या बदल्यात रविवारी दिवसभर काम करतात, एवढं सगळ्यांनी पाहिलं. त्यावरून मजुरांनी ठरवून टाकलं की साहेबांना साडेसाती आहे. एका शनिवारी सकाळी गँगचा मुकादम रुईच्या पानांची माळ आणि वाटीभर तेल घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, “सायेब, मारुतीले मीच वाहून येतो, तुमी फकस्त हात लावा.”

साहेब खूप हसले. मग म्हणाले, “अरे, कोकणात आम्हाला शनिवार तेलीच म्हणतात. माझ्या आज्याचा घाणा होता. सहा दिवस तेल गाळायचं, सातव्या दिवशी बैलालासुद्धा सुट्टी. तेल आमचं, वाहायचं तुम्ही.” मुकादमाला त्यांनी बसवलं, कालची थंड भाकरी आणि चटणी दिली. तेल मात्र त्याच्याबरोबर परत पाठवलं.

ते मटण खात नसत. त्यांच्या रीतीनं बकरं कापणारा या जिल्ह्यात कोणी नव्हता, एवढंच कारण. पण शेजारच्या गल्लीतले एक माळकरी त्यांना आपल्यातलेच समजून वाटेत हात जोडत, आणि साहेबही जोडत. “खुलासा करायला गेलो तर त्यांचा नमस्कार वाया जाईल,” असं म्हणत.

मला माझ्या भावाविषयी सांगायला हवं. त्याला मी भिया म्हणायचो. बापू लवकर गेले. शेत भियानंच पाहिलं आणि मला त्यानंच शिकवलं. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या भाकरी घेऊन सायकलवर यायचा, खोलीच्या दारात उकिडवा बसायचा आणि मी वाचत असलो की नुसता पाहत राहायचा. माझी परीक्षा चालू असताना कडब्याच्या गंजीत त्याला साप चावला. त्या बाजाराला भाकरी घेऊन याडी आली, माझी आई. मी पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, भिया काहून नाही आला? ती म्हणाली, तो आता बाजाराले येत नाही. मला वाटलं, शेताची कामं असतील. शेवटचा पेपर देऊन तांड्यावर गेलो तेव्हा कळलं. राखसुद्धा उरली नव्हती.

मी याडीशी बोलायचा थांबलो. भांडलो नाही. नुसतं हो, नाही, ठेव तिथं, एवढंच. देवाशीही तसंच झालं. सेवालाल महाराजांच्या मढीसमोर उभा राहिलो तरी आतून काही निघेना.

आणि इकडे याडी दर बाजाराला यायची, माझ्या खोलीत भाकरीची पिशवी टेकवायची, आणि साहेबांच्या ओसरीवर जाऊन बसायची. तिच्या हातातल्या बलियांचा आवाज मागच्या खोलीत मला ऐकू यायचा. ती अर्धं गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत बोलायची, ते त्यांच्या अलिबागच्या मराठीत, आणि तरी त्यांचं जमायचं. ती भियाविषयी सांगायची. तो लहानपणी म्हशीवर झोपायचा, त्याला आंबाडीची भाजी किती आवडायची. साहेब त्यांच्या मुलाविषयी सांगायचे. बायको गेल्यावर मुलगी अलिबागेत संसाराला लागली होती आणि हा धाकटा मुलगा इस्रायलला निघून गेला होता. तिथं तो शेती करायचा. याडी विचारायची, तिथं काय पेरते? कापसाची पऱ्हाटी होते का? साहेबांना ते माहीत नसायचं, पण ते पत्रात विचारून पुढच्या बाजाराला उत्तर द्यायचे.

एकदा मी तिला तिथं हसताना ऐकलं. भिया गेल्यानंतर पहिल्यांदा. मी खोलीत बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. माझ्या आईचं हसू दुसऱ्याच्या ओसरीवर सांडत होतं.

एका शनिवारी साहेबांनी मला त्यांच्यातल्या एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. राजाचं लहान मूल आजारी पडलं. राजा जेवेना, जमिनीवर पडून राहिला, देवाची विनवणी करत राहिला. मूल गेलं. नोकर घाबरले, आता हा काय करून घेईल? पण राजा उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, प्रार्थना केली आणि जेवायला बसला. लोकांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, मूल होतं तोवर मागत होतो. आता ते माझ्याकडे येणार नाही, मीच कधीतरी त्याच्याकडे जाईन.

“हुकूम येईपर्यंत अर्ज,” साहेब म्हणाले, “त्याच्यावरूनच आलंय हे.”

मी म्हणालो की मला तो राजा आवडला नाही. दगड वाटला.

“मलाही आवडत नाही,” साहेब म्हणाले. “पण काय करणार, तो आमचा आहे.” मग त्यांनी विचारलं, “तू भांडतोस का रे देवाशी?”

मी नाही म्हणालो.

“मग कोणाशी भांडतोस?”

“कोणाशीच नाही.”

“ते वाईट,” साहेब म्हणाले. “भांडायला तरी कोणी हवा. आमच्यातल्या मोठमोठ्यांनी त्याच्याशी हुज्जत घातलीय. शेजाऱ्याकडे त्याची तक्रार मात्र न्यायची नाही. जे असेल ते समोरासमोर.”

त्या वेळी माझ्या मनात आलं, या माणसाजवळ भांडायलासुद्धा हक्काचं कोणी आहे. मी तेवढाही श्रीमंत नव्हतो.

पुढच्या वर्षी मी कॉलेज सोडायचं ठरवलं. शेत चुलतभावाकडे दिलं होतं, ते त्याच्याच्यानं होत नव्हतं. खरं म्हणजे शेत हे कारण मी लोकांसाठी ठेवलं होतं. ज्या पेपरांसाठी मला भियाचं तोंड पाहू दिलं नाही, त्या पेपरांचा मला राग आला होता. नाव कमी करण्याचा अर्ज मी लिहिला आणि दुपारी साहेबांना दाखवायला गेलो, भाषा बरोबर आहे का पाहायला.

दार उघडं होतं. साहेब आत जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते, अनवाणी. शेजारी एक निळं पातळ पत्र पडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी समोर जमिनीवर बसलो. जमिनीवर, अनवाणी बसणं यात मला काहीच वेगळं दिसलं नाही. आमच्या तांड्यात सगळे तसेच बसतात. मी आपला वाट पाहू लागलो, ते विचारतील मग मी अर्ज काढीन. आधी बोलायचं धाडस मला कधीच होत नसे.

ते काही विचारेनात. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाहेर चाचांचा हातोडा चालू होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो आणि मला पुन्हा तेच वाटलं, किती स्वस्थ आहे हा माणूस. याची बायको गेली, मुलगा समुद्रापलीकडे आहे, आणि हा भिंतीला टेकून असा बसू शकतो. मी माझ्या खोलीत एक क्षण असा बसू शकत नाही.

बऱ्याच वेळानं साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. उठले. हातपाय धुतले, जोडे घातले, छत्री घेतली. “चल,” म्हणाले, “बाभुळगाव रस्त्यावरच्या मोरीचा स्लॅब ताजा आहे. पाणी मारलंय की नाही पाहून येऊ.” दारातून निघताना दोन बोटं चौकटीला लावली आणि ओठांना टेकवली. नेहमीसारखीच.

मोरीवर मजुरांनी स्लॅबवर गोणपाट पसरलं होतं. साहेबांनी ते हातानं दाबून पाहिलं, एका कोपऱ्यात कोरडं होतं तिथं स्वतः बादली ओतली. मग कठड्यावर बसून म्हणाले, “माझा मुलगा गेला रे. ट्रॅक्टर उलटला. पत्र आधी अलिबागला गेलं, तिथून फिरत आज आलं. महिना उलटून गेलाय.”

मी मूर्खासारखं विचारलं, “मघाशी?”

“मघाशी बसलो होतो ना, ते तेच. वेळेवर कळलं असतं तर सात दिवस बसायचं होतं. महिना उलटल्यावर कळलं तर तासभर. तास झाला की उठायचं, अशी आमच्यात रीत आहे. आणि तू बरोबर वागलास. सांत्वनाला येणाऱ्यानं आधी बोलायचं नसतं, दुखवट्यातला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. तुला कोणी सांगितलं होतं हे?”

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी माझा अर्ज खिशात घेऊन बसलो होतो. पण तेही मला सांगता आलं नाही. त्याऐवजी मनात जे खदखदत होतं ते बाहेर आलं. मी म्हणालो, “एका तासात तुम्ही उठलात कसे? मला वर्ष झालं, मला उठता येत नाही.”

ते रागावले नाहीत. ओलं गोणपाट सारखं करत म्हणाले, “उठायचं असतं म्हणून उठलो. मनाला कोण विचारतं? मन तिथंच बसलंय, भिंतीला टेकून. संध्याकाळी घरी जाईन तेव्हा भेटेल.”

“म्हणजे सही केलीत.”

“केली. देव खरा न्यायाधीश आहे असं म्हणायचं असतं, तेही म्हटलं.” मग हळूच म्हणाले, “अक्षर वाकडं आलं थोडं.”

मजूर रिकाम्या बादल्या घेऊन नाल्याकडे उतरले. साहेबांनी विचारलं, मघाशी सारखा खिशाला हात लावत होतास, काय आहे त्यात? मी अर्ज दिला. त्यांनी तो सगळा वाचला, एक वेलांटी दुरुस्त करायला सांगितली, आणि विचारलं, “कोणाचा हुकूम आलाय, कॉलेज सोड म्हणून?”

“कोणाचाच नाही.”

“मग आधीच सही कशाला करतोस?”

मी त्यांना याडीनं बातमी लपवल्याचं सांगितलं. इतके दिवस ती त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगत होती, पण हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं. साहेबांनी तिचे शब्द मला दोनदा म्हणायला लावले. मग म्हणाले, “तो आता बाजाराला येत नाही. यात खोटं काय आहे? आमच्यात म्हणतात, वाईट बातमी सांगायलाच हवी असं नाही. विचारलं तर खोटं मात्र बोलायचं नाही. तुझी आई आमचा नियम कुठून शिकली?”

पुढच्या बाजाराला याडी आली. वाटेत चाचांनी तिला सांगितलं असावं. माझ्या खोलीकडे न येता ती सरळ साहेबांच्या पायरीवर बसली आणि मुलाचं नाव विचारलं. साहेबांनी सांगितलं. तिला ते म्हणता येईना, तेव्हा तिनं ते आपल्या जिभेला बसेल असं करून घेतलं. मग ओढणी तोंडावर ओढली आणि आमच्या बाया रडतात तशी सुरात रडायला लागली. आमच्यात बाया बाया भेटल्या तरी गळ्यात पडून अशा रडतात, घरातल्या गेल्या-राहिल्यांची नावं गुंफत. शेजारच्या घरांतून लोक डोकावू लागले. साहेब सायकल काढत होते. ते जवळ येऊन म्हणाले, “बाई, माझा तास संपला. आता आमच्यात बसत नाहीत.”

याडी ओढणीआडून म्हणाली, “तुमचा झाला असन, सायेब. माहा नाही झाला. तुमी जा कामावर. तुमच्या जागी मी बसतो.”

साहेब कामावर गेले नाहीत. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि दारात उभे राहिले. दोन बोटं चौकटीला लागलेली, पण ती ओठांकडे गेली नाहीत, तिथंच राहिली. चाचांचा हातोडा थांबला होता. याडीच्या सुरात समुद्रापलीकडच्या त्या मुलाचं मोडकं नाव होतं, आणि मग त्यात भियाचं नाव आलं. तो गेल्यापासून माझ्यासमोर तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. मी मागच्या दारातून आलो आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. जागा थोडी होती. ती सरकली.

रडणं उतरल्यावर मी विचारलं, “मले काहून नाही सांगितलं, याडी?”

ती नाक पुसत म्हणाली, “तू तिकडं पेपर लिहून राह्यला होता. मी इकडं रडून राह्यली होती. दोघंही कायले बसाचे? एकानं बसलं तं पुरे.”

तो अर्ज मी दिला नाही. वेलांटी दुरुस्त केली होती, ती तशीच आहे.

गेल्या वर्षी साहेब निवृत्त झाले आणि मुलीकडे अलिबागला गेले. जायच्या दिवशी त्यांनी पेचकस मागितला, चाचांनी दिला. चौकटीवरची नळी त्यांनी स्वतः काढली. “माझ्यामागे इथं आमचं कोणी राहणार नाही,” म्हणाले, “म्हणून काढावी लागते.” ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. टांग्यात बसण्याआधी सवयीनं त्यांचा हात चौकटीकडे गेला, रिकाम्या जागेला बोटं लागली. ते आमच्याकडे पाहून ओशाळं हसले, आणि ती बोटं त्यांनी तरीही ओठांना टेकवली.

पुढे चाचांनी दारं हिरवी रंगवली. पण रंगवणाऱ्याला त्यांनी काय सांगितलं कोणास ठाऊक, चौकटीवर ती बोटभर तिरपी पट्टी तशीच कोऱ्या लाकडाची राहिली आहे, दोन्ही टोकांना भोकं.

आता तिथं एक शाळामास्तर आणि त्यांची बायको राहतात. याडी बाजाराला आली की आधी त्या दारापाशी जाते. साहेब रोज करायचे तसं त्या पट्टीला दोन बोटं लावते आणि ओठांना टेकवते. त्यातली प्रार्थना कोणती होती हे तिनं कधी विचारलं नाही. तिला तिथं हात लावायला प्रार्थना लागत नाही, याचाही मला हेवा वाटतो. माझा हात अजून वर जात नाही. मला अजून सगळं आधी समजून घ्यायचं असतं.

परवा मास्तरांच्या बायकोनं तिला विचारलं, “बाई, इथं काय आहे?”

याडी म्हणाली, “इथं माहे दोन पोरं हायेत.”

तिसरा मी. मागे भाकरीची पिशवी धरून उभा होतो.